हर्णैचे बंदर : दर्या, दुर्ग आणि दर्यावर्दी

देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे गावाला आपल्या जुन्या दिवसांची आठवण होते. कोणत्या पिढीने पाया घातला, कोणी लाकूड दिले, कोणी चिरे वाहून आणले, याची उजळणी होते. परंतु किनाऱ्यावरच्या गावाचा इतिहास देवळाच्या आवारात संपत नाही. ज्या वाळूवर गावाचे पोट भरले, जेथून गावची माणसे परमुलखात गेली आणि जेथे ती परत उतरली, त्या बंदराची हकिगत सांगितल्याशिवाय तो पुरा होत नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील हर्णै हे असेच एक गाव होय. दापोलीपासून सुमारे १५ किलोमीटरवर, उत्तरेस पाजपंढरी व आंजर्ले आणि दक्षिणेस मुरुड व कर्दे यांच्या मधोमध हे गाव वसले आहे. सुवर्णदुर्गामुळे त्याचे नाव इतिहासाच्या ग्रंथांत आले आणि मासळीच्या बाजारामुळे ते घराघरांत पोहोचले. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे येथील बंदर.

बंदराची जागा

कोकणच्या किनाऱ्यावर बंदरे अनेक आहेत, परंतु त्यांतील बहुतेक जुनी व्यापारी बंदरे नद्यांच्या मुखाशी आहेत. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ आणि शास्त्री नदीच्या मुखाशी जयगड. या खाड्यांतून गलबते भरतीच्या पाण्याबरोबर आत महाड, चिपळूण, संगमेश्वर अशा पेठांपर्यंत जात आणि तेथून बैलांच्या पाठीवरून माल घाट चढून देशावर पोहोचत असे. म्हणून दाभोळचे नाव शेकडो वर्षे अरबस्तान व इराणपर्यंत माहीत होते.

हर्णैला अशी नदी नाही. जवळची जोग नदी आंजर्ल्यास समुद्राला मिळते, पण ती लहान असून घाटमाथ्यापर्यंत वाट देणारी नाही. त्यामुळे मोठ्या व्यापाराची लक्ष्मी हर्णैच्या वाट्यास कधी आली नाही. निसर्गाने या गावाला दिले ते वेगळेच. एका अंगाला कनकदुर्गाचा समुद्रात शिरलेला खडक, समोर सुवर्णदुर्गाचे बेट आणि या दोहोंच्या आडोशाला थोडेसे शांत पाणी. लाटांचा पहिला मार हे खडक खातात आणि मग त्या किनाऱ्याशी येतात. होड्यांना नांगर टाकण्यास व वाळूवर ओढून घेण्यास अशी जागा सोयीची असते. मात्र हा आडोसा पुरता नाही. उरलेल्या बाजूने दर्या मोकळा आहे, किनाऱ्याचे पाणी उथळ आहे आणि ओहोटीच्या वेळी होडी किनाऱ्यापासून बरीच दूर राहते. आडोसा आहे पण धक्का नाही, या एका गोष्टीने हर्णैच्या बंदराचे सारे जीवन घडविले. जे काम इतरत्र दगडी धक्का करतो, ते येथे पिढ्यानुपिढ्या माणसांच्या खांद्यांनी आणि बैलांच्या मानेने केले आहे.

दुर्गाच्या छायेत

सुवर्णदुर्गाची पहिली उभारणी आदिलशाही अमदानीत झाली असे मानतात. इ. स. १६६० च्या सुमारास तो शिवछत्रपतींच्या ताब्यात आला आणि त्यांनी त्याची मजबुती केली. स्वराज्याचे आरमार उभे राहत असताना बाणकोट आणि दाभोळ यांच्या मधल्या पाण्यावर नजर ठेवणारे हे ठाणे फार मोलाचे होते. बेटाच्या तटाचा खालचा भाग काही ठिकाणी मूळ खडक तासूनच काढलेला आहे आणि त्यावर प्रचंड चिऱ्यांची भिंत चढविली आहे. महाद्वाराच्या पायरीवर कासव कोरलेले आहे आणि भिंतीवर मारुतीची मूर्ती आहे. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या या बेटावर गोड्या पाण्याची सोय होती, म्हणूनच शिबंदीला तेथे दीर्घकाळ राहता येत असे. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेदुर्ग आणि गोवा किल्ला असे तीन लहान किल्ले या जलदुर्गाचे साहाय्यक म्हणून उभे राहिले.

सुवर्णदुर्गाशी सर्वांत जवळचे नाते आहे ते कान्होजी आंग्रे यांचे. त्यांचे वडील तुकोजी हे शिवकालीन आरमारात चाकरीस होते आणि कान्होजींच्या उमेदीचा काळ याच पाण्यात गेला. जंजिऱ्याच्या सिद्दीने वेढा दिला असता किल्ल्याचा अधिकारी फितूर होऊ लागला, तेव्हा तरुण कान्होजींनी किल्ल्याची सूत्रे हाती घेऊन तो वाचविला, अशी परंपरागत हकिगत आहे. पुढे इ. स. १६९८ च्या सुमारास ते मराठी आरमाराचे प्रमुख झाले आणि सरखेल या किताबाने ओळखले जाऊ लागले. इ. स. १७२९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज, डच व सिद्दी या चारही सत्तांना त्यांचा दरारा वाटत होता. त्यांच्या दस्तकाशिवाय या किनाऱ्याने माल नेणे परकी जहाजांना सोपे राहिले नव्हते.

असे आरमार केवळ सरदारांच्या शौर्यावर चालत नाही. गलबते बांधणारे सुतार, शिडे शिवणारे, दोर वळणारे आणि खडक, प्रवाह, वारा यांची माहिती असणारे तांडेल व खलाशी हे सारे किनाऱ्यावरच्या गावांतूनच येत. कोळी, खारवी, भंडारी, मुसलमान दर्यावर्दी अशा अनेक जातिजमातींची माणसे मराठी आरमारावर होती. त्यांची नावे बखरींत आली नाहीत. शांततेच्या दिवसांत जाळे ओढणारे हात युद्धाच्या दिवसांत वल्हे मारीत आणि तोफेला बत्ती देत. किल्ल्याला बंदराची माणसे हवी होती आणि बंदराला किल्ल्याचे संरक्षण हवे होते. हर्णैच्या वस्तीचा विस्तार या देवघेवीतून झाला.

कान्होजींच्या मागे आंग्रे घराण्यात भाऊबंदकी माजली. सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग तुळाजी आंग्रे यांच्याकडे होते आणि त्यांचे व नानासाहेब पेशव्यांचे वैर पराकोटीला गेले. पेशव्यांनी इंग्रजांची मदत मागितली. त्याप्रमाणे एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स ४४ तोफांचे 'प्रोटेक्टर' हे जहाज व आणखी काही लहान जहाजे घेऊन सुवर्णदुर्गासमोर आला. पेशव्यांचे आरमारही सोबत होते. जेम्सने प्रथम बेटाभोवतीच्या पाण्याची खोली मोजून घेतली. समुद्राच्या बाजूने केलेल्या माऱ्याला भक्कम तट दाद देईना, तेव्हा त्याने जहाजे बेट आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात आणली. म्हणजे ज्या आडोशात एरवी गावच्या होड्या विसावत, तेथूनच किल्ल्यावर आग ओकली गेली. एक गोळा आत पडून दारूच्या कोठाराचा स्फोट झाला आणि थोड्याच दिवसांत किल्ला पडला. बंदराचे जे पाणी किल्ल्याचे सामर्थ्य होते, तेच पाणी मोजणाऱ्या शत्रूच्या कामी आले.

या घटनेची खूण आजही दूर लंडनमध्ये उभी आहे. जेम्स १७८३ मध्ये मरण पावल्यावर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये शूटर्स हिल या टेकडीवर एक त्रिकोणी मनोरा बांधविला. त्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल', म्हणजे इंग्रजी जिभेवर मोडलेला आपला सुवर्णदुर्ग! हर्णैच्या खडकाचे नाव असे सातासमुद्रापार जाऊन बसले आहे.

करारानुसार सुवर्णदुर्ग पेशव्यांकडे आला आणि बाणकोट इंग्रजांकडे गेले. लगेच १७५६ मध्ये विजयदुर्गही पडला व आंग्र्यांचे दक्षिणेकडील आरमार जळून गेले. आपलेच आरमार परक्याच्या मदतीने बुडविल्याची किंमत मराठी राज्याला लवकरच मोजावी लागली. इ. स. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसर येथे पराभव केल्यावर दुसरे बाजीराव पेशवे कोकणात उतरले, महाडहून सुवर्णदुर्गाच्या आश्रयास आले आणि पुढे इंग्रजांच्या साहाय्याने समुद्रमार्गे वसईस गेले. तेथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. इ. स. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि सुवर्णदुर्गाचे लष्करी महत्त्वही संपले. किल्ला ओस पडला. बंदर मात्र ओस पडले नाही, कारण त्याचा खरा धनी किल्लेदार नसून दर्यावर्दी होता.

आगबोटीचे दिवस

इंग्रजी अंमलात दापोलीस लष्करी छावणी झाली आणि 'कॅम्प दापोली' हे नाव रूढ झाले. दापोलीला समुद्रवाटेने जोडणारे जवळचे बंदर हर्णै हेच होते. प्रथम शिडाची गलबते आणि पडाव मुंबईस ये-जा करीत. वारा अनुकूल असेल तर प्रवास लवकर होई, नसेल तर वाऱ्याची वाट पाहत बसावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणाऱ्या आगबोटी कोकणच्या किनाऱ्याने नियमित फिरू लागल्या आणि मुंबई एकदम जवळ आली.

आगबोट हर्णैस थांबे ती किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात. भोंगा झाला की किनाऱ्यावर एकच धांदल उडे. उतारू प्रथम होडीत बसत आणि होडी आगबोटीच्या कुशीला लागे. लाटेबरोबर होडी वर आली की नेमक्या क्षणी शिडीवर पाऊल टाकायचे! बायका, मुले, म्हातारी माणसे यांना खलाशी अक्षरशः उचलून वर देत. होडीपर्यंत पोहोचण्यासाठीसुद्धा गुडघाभर, कधी कमरभर पाण्यातून जावे लागे. तेव्हा खलाशाच्या खांद्यावर बसून जाणे ही नित्याची गोष्ट होती. नव्या नवरीची पेटी, आंब्याच्या करंड्या, फणस, सुक्या मासळीची गाठोडी हे सारे त्याच वाटेने जाई.

या वाळूवरून केवळ माल गेला नाही, गावची तरुण पिढी गेली. गिरण्या, गोद्या, छापखाने, कचेऱ्या आणि जहाजे यांतील चाकरीसाठी कोकणातील हजारो माणसे मुंबईस गेली. त्यांच्या मनिऑर्डरींवर गावाकडची घरे शाकारली गेली आणि मुलांच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या. कोकणातील कोणत्याही देवळाच्या देणगीदारांची यादी पाहावी. तीत होडीवाल्यांच्या नावाशेजारी मुंबईकरांची नावे दिसतात. या दोघांची वाट एकाच वाळूवरून फुटली. एक दर्यात गेला, दुसरा दर्यापलीकडे गेला.

पावसाळ्याचे महिने आगबोट बंद असे. त्या काळात मुंबईच्या माणसाची ख्यालीखुशाली केवळ टपालानेच कळे. पुढे रस्ते सुधारले, एस. टी. गावोगाव पोहोचली आणि आगबोटीचे थांबे कमी होत गेले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई-गोवा किनाऱ्याची ही प्रवासी बोट कायमची बंद पडली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि खेड हे या भागाचे जवळचे स्टेशन झाले. उतारूंचे बंदर म्हणून हर्णैचे काम संपले. राहिले ते मासेमारीचे बंदर.

जुनी मासेमारी

यंत्र येण्यापूर्वी मासेमारीचा सारा कारभार वारा, चंद्र आणि अनुभव यांवर चाले. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटला की शिडे उभारून होड्या बाहेर पडत. दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे वाहणारा खारा वारा सुटे आणि त्या वाऱ्यावर होड्या भरल्या पोटाने परत येत. किनाऱ्यावरचा बाजार तिन्हीसांजेच्या सुमारास भरण्याची चाल या वाऱ्याच्या घड्याळाशी जुळणारी आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याचा ओढ मोठा असतो आणि अष्टमीच्या भांगाला तो मंदावतो. खुंट्यांना बांधलेल्या डोल जाळ्यात मासळी येते ती या ओढीनेच. प्रवाहाच्या तोंडाशी जाळ्याचा जबडा उघडा ठेवायचा आणि पाण्याबरोबर वाहत येणारा जवळा, कोळंबी, मांदेली, बोंबील हे निमुळत्या टोकाशी अडकवायचे, अशी ही युक्ती आहे. सुरमई, रावस, पापलेट, घोळ यांसाठी पाण्यात भिंतीसारखी उभी राहणारी जाळी लागत. किनाऱ्यालगत रापण लावली की गावातील पुष्कळ माणसे दोन्ही टोकांचे दोर ओढायला जमत आणि प्रत्येकाला वाटा मिळे. जाळी सुताची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात वरचेवर रंगवावी लागत आणि दर फेरीनंतर वाळवावी लागत. जाळे विणणे व सांधणे हे घरातील म्हाताऱ्यांचे काम. दर्यात जाण्याचे वय सरले तरी माणूस धंद्यातून बाद होत नसे.

मिळालेल्या मासळीचे वाटे ठरलेले असत. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा वाटा आणि खलाशांचे वाटे. यात मजुरी नव्हती, भागीदारी होती. मासळी मिळाली तर सर्वांना, न मिळाली तर कोणालाच नाही. या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. होडी बांधण्यास किंवा पावसाळा काढण्यास पैसा लागे आणि तो व्यापाऱ्याकडून उचल म्हणून घेतला जाई. उचल घेतलेल्याने मासळी त्याच व्यापाऱ्यास, त्याच्याच भावाने घालावी असा दंडक असे. दर्यातून जीव वाचवून आणलेली मासळी वाळूवर टेकण्यापूर्वीच दुसऱ्याची झालेली असे.

ताजी मासळी त्या काळी फार लांब जात नसे. कोळणी डोक्यावर पाटी घेऊन भल्या पहाटे निघत आणि दापोलीच्या चढावरून गावोगाव फिरत. पैशाऐवजी भात, नाचणी किंवा नारळ घेऊनही व्यवहार होई. उरलेली मासळी मीठ लावून किंवा उन्हात वाळवून ठेवीत. सुके बोंबील, सोडे, जवळा आणि खारवलेला बांगडा हे पावसाळ्याचे अन्न आणि घाटावरच्या व्यापाराचा माल. घरचा पैसा स्त्रीच्या पदराला बांधलेला असे, कारण विक्री तिच्या हाती होती. हर्णैच्या बंदराचा इतिहास हा जितका तांडेलांचा आहे, तितकाच या पाटीवाल्या स्त्रियांचा आहे.

यंत्र आणि बर्फ

स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांतून मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना उत्तेजन मिळाले. होडीस यंत्र बसविण्यासाठी कर्ज व साहाय्य मिळू लागले. सुताच्या जाळ्याची जागा नायलॉनच्या जाळ्याने घेतली. ते कुजत नाही, हलके असते आणि पाण्यात दिसत नाही. वारा पडला म्हणून होडी अडून राहण्याचे दिवस गेले. परंतु सर्वांत मोठा बदल घडविला तो बर्फाने. बर्फ आल्यावर मासळीचे आयुष्य तासांवरून दिवसांवर गेले आणि होडी एकाऐवजी अनेक दिवस दर्यात राहू लागली. हर्णैची सुरमई व कोळंबी ट्रकने मुंबई, पुणे, कोल्हापूरपर्यंत जाऊ लागली. कोळंबीला परदेशांतून मागणी आली तेव्हा तिचे भाव असे चढले की जुन्या माणसांचा विश्वास बसेना.

यंत्राबरोबर नवे प्रश्नही आले. डिझेल, बर्फ आणि खलाशांचा पगार हा खर्च मासळी मिळो वा न मिळो, करावाच लागतो. मोठ्या यांत्रिक नौका किनाऱ्याजवळ येऊन जाळी ओढू लागल्या तेव्हा लहान मच्छीमारांशी त्यांचे तंटे झाले. म्हणून राज्य शासनाने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. त्याच वर्षी रत्नागिरीजवळ शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय सुरू झाले व या धंद्याला शास्त्राची जोड मिळाली. पुढे पर्ससीन जाळ्यांनी मासळीचे थवेच्या थवे एका वेढ्यात उचलले जाऊ लागले. शासनाने २०१६ मध्ये त्यांवर निर्बंध घातले. रात्री प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करून पकडण्याच्या पद्धतीवर केंद्र शासनाने २०१७ मध्ये बंदी घातली. तरीही हे उद्योग चालतात अशी पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आहे. पूर्वी दर्या माणसाला पुरून उरत असे. आता माणसाने हात आखडता घेतला नाही तर दर्या पुरणार नाही, हे या धंद्यातील जाणती माणसे सांगत आहेत.

वाळूवरचा बाजार

हर्णैस येणारा पाहुणा किल्ला पाहो न पाहो, मासळीचा लिलाव पाहिल्याशिवाय परतत नाही. मोठ्या नौका पाण्यात उभ्या राहतात. त्यांतील मासळी लहान होड्यांत उतरते. पुढे बैलगाड्या थेट पाण्यात शिरतात, बैल पोटापर्यंत पाण्यात उभे राहतात आणि टोपल्या गाडीत चढतात. परत जाताना याच गाड्या बर्फ, पाणी आणि डिझेलची पिंपे घेऊन होड्यांकडे जातात. शेतातला बैल समुद्रात राबताना पाहून परगावच्या माणसाला नवल वाटते. पण धक्का नसलेल्या बंदराने शोधून काढलेली ही साधी, स्वस्त आणि भरवशाची तोड आहे.

वाळूवर ढीग लागतात. सुरमई, पापलेट, हलवा, बांगडा, कोळंबी, म्हाकुळ, शेवंड. लिलाव पुकारणारा मध्ये उभा राहतो आणि भोवती कोंडाळे होते. एका बाजूला ट्रकवाले मोठे व्यापारी, दुसऱ्या बाजूला पाटी घेऊन आलेल्या स्त्रिया. आकडे चढत जातात, मान हलते, बोट उठते आणि सौदा ठरतो. त्या क्षणी कागद नाही, सही नाही. हजारो रुपयांचा व्यवहार शब्दावर पुरा होतो. शब्द मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी या वाळूवर उभे राहणे कठीण जाते. बंदर दगडांवर उभे नाही, ते या शब्दावर उभे आहे असे म्हटले तर वावगे होणार नाही.

उघडी बाजू

बंदराची जी बाजू निसर्गाने उघडी ठेवली, तिची किंमत वादळाच्या वेळी मोजावी लागते. वारा फिरला, धोक्याचा बावटा लागला की हर्णैच्या आडोशात नौका सुरक्षित राहत नाहीत. त्यांना आंजर्ल्याच्या खाडीत किंवा दूर जयगड, दिघी येथे आश्रयास जावे लागते. आंजर्ल्याच्या खाडीच्या मुखाशी गाळ साचलेला आहे. भरती नसेल तर नौका आत घेणे अवघड, आणि वादळ भरतीची वाट पाहत नाही. घर दिसते आहे पण उंबरठा ओलांडता येत नाही, अशी स्थिती होते. याच मुखाशी नौका आपटून फुटल्याच्या घटना घडल्या आहेत.

११ नोव्हेंबर २००९ च्या 'फयान' वादळाने कोकणच्या मच्छीमारांची मोठी हानी केली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि त्याचा जबर तडाखा दापोली व मंडणगड तालुक्यांस बसला. घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोलमडले. पन्नास-पाऊणशे वर्षांची झाडे एका दुपारीत गेली. तरीही मासेमारीचा पुढील हंगाम सुरू झाला तेव्हा होड्या पाण्यात उतरल्याच.

धक्क्याची मागणी अनेक दशकांची आहे. अलीकडच्या वर्षांत शासनाने येथे आधुनिक मासेमारी बंदर उभारण्याची योजना हाती घेतली आहे. लाटरोधक भिंत आणि धक्का झाल्यावर वादळात नौकांना घरचा आसरा मिळेल, मासळी स्वच्छ उतरेल आणि माणसांचे व जनावरांचे कष्ट वाचतील. हे व्हायलाच हवे. मात्र त्याचबरोबर आणखी एक विचार गावाने केला पाहिजे. धक्क्यावर मोठ्या ट्रकांना जागा असेल, तशीच पाटीवाल्या कोळणीलाही असावी. गाडीवाल्याचा बैल पाण्यातून बाहेर येईल तेव्हा त्या गाडीवाल्याच्या हाताला दुसरे काम असावे. ज्यांनी धक्का नसताना बंदर चालविले, त्यांना धक्का झाल्यावर बंदर परके वाटू नये.

दर्या आणि देव

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत सुवर्णदुर्ग आहे. गावाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. किल्ल्याचे दगड जगाने आता जपायचे ठरविले आहे. बंदराचा वारसा मात्र दगडाचा नसून माहितीचा आहे. कोणत्या खडकाच्या आत पाणी किती, कोणत्या चांदण्यावर वाट धरायची, आभाळ कसे दिसले म्हणजे माघारी फिरायचे, हे जुन्या तांडेलांच्या तोंडी आहे आणि त्यांच्याबरोबर ते जाईल. यंत्रे आता दिशा व खोली दाखवितात. तरी ही माहिती शाळेतल्या मुलांनी म्हाताऱ्यांपाशी बसून वहीत उतरून घेतली, तर ते कामही जीर्णोद्धाराइतकेच पुण्याचे होईल.

किनाऱ्यावरच्या माणसाची देवावरची श्रद्धा पुस्तकी नसते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय त्याच्या मनाला हंगाम सुरू झाल्यासारखे वाटत नाही. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी लागू आहे. माशांच्या विणीच्या काळात जाळे आवरते घ्यावे हा त्यामागचा हेतू. पूर्वजांनी हाच नियम धर्माच्या भाषेत पाळला होता. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवायच्या, दर्याला विसावा द्यायचा आणि त्याची पूजा करूनच पुन्हा जाळे टाकायचे. शिमग्याला पालखी दारी येते तेव्हा शेतकरी, बागाईतदार, मच्छीमार, मुंबईकर सारे एका खांद्याने ती उचलतात. ज्या खांद्यांनी उतारू आगबोटीवर चढविले, टोपल्या वाहिल्या, वाळूवर होड्या ओढल्या, त्याच खांद्यांवर पालखी असते.

मंदिराचा नवा कळस चढला आहे. दर्यातून परतणाऱ्या होडीला कनकदुर्गावरच्या दीपगृहाचा उजेड वाट दाखवितो, आणि घर जवळ आले ही खूण मनाला पटते ती गावाचे देऊळ आठवल्यावर. या कळसासाठी ज्यांनी दहा रुपये दिले आणि ज्यांनी दहा हजार दिले, त्या सर्वांच्या घरांचा पूर्वेतिहास कोठे ना कोठे या वाळूला येऊन मिळतो. म्हणून देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्या गावाने बंदराचीही तितकीच काळजी वाहावी. वाळू स्वच्छ ठेवावी, खाडीच्या गाळाचा प्रश्न धसास लावावा, लहान मासळीला वाढू द्यावे आणि दर्यावर गेलेला प्रत्येक माणूस सुखरूप परत येईल अशी व्यवस्था पाहावी. गावाला ग्रामदेवतेने सांभाळले तसे दर्यानेही सांभाळले आहे. आता दर्याला सांभाळणे हे गावाकडे आले आहे.